काळीज गेलेल्या नवशिक्यांसाठी सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' सुरू होतो तेव्हाच तुमचं काळीज ड्रॅगनने गिळून झालेलं आहे, आठवणी गेलेल्या आहेत आणि तुम्ही कैद्यांच्या टोळीत राबत आहात. याहून वाईट आता काय व्हायचं राहिलंय, असं तुम्हाला वाटेल. हा समज पहिल्या बैलगाडीपर्यंत जपून ठेवा.

हे पत्रक अगदी नवख्यांसाठी आहे. ज्यांनी २०१२ सालचा पहिला भाग खेळलाय त्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. ती मंडळी बारा वर्षं दुसऱ्या भागाची वाट बघत होती, आणि २२ मार्च २०२४ला तो हातात पडल्यावर 'हा तर पहिलाच भाग मोठा करून दिलाय' अशी कुरकुर करत रात्रभर खेळत बसली. कुरकुर खोटी नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने दोन्ही भागांचं दिग्दर्शन हिदेआकी इत्सुनो यांच्याकडेच दिलं होतं, आणि इत्सुनोंना पहिल्या वेळी जे करायचं होतं पण जमलं नव्हतं ते त्यांनी दुसऱ्या वेळी केलं. त्यामुळे नवं काय, असं विचारलं तर उत्तर थोडं आहे. मोठं काय, असं विचारलं तर बरंच.

सामान बांधताना

पाठीवरच्या ओझ्यावर तुमची चाल ठरते. ओझं वाढलं की धावताना दम लवकर लागतो. दम पार संपला की तुमचा शूरवीर जागच्या जागी धापा टाकत उभा राहतो, आणि हा मुहूर्त ऑगर नावाच्या धिप्पाड राक्षसाला अचूक साधतो. तेव्हा सापडेल ते उचलत सुटू नका. तुम्ही उचलणारच आहात, पण सांगणं आमचं काम.

तंबू मात्र घ्या. त्यालाही वजन आहे, तरी घ्या. या खेळात मार खाल्ला की आयुष्याची रेघ कमी होते एवढंच नव्हे, रेघेची कमाल लांबीच हळूहळू आखूड होत जाते. पाला चघळून, औषध पिऊन रेघ भरते. आखूड झालेली लांबी झोपल्याशिवाय परत येत नाही. दोनतीन मोठ्या मारामाऱ्या झाल्या की पुढे जायचं की कुठे आडोसा शोधायचा, हा प्रश्न खरोखरीचा होतो. मुक्कामी शेकोटीवर मांस भाजता येतं. भाजण्याचं दृश्य काढलेलं चित्र नाही, खऱ्या मांसाचं खरं चित्रीकरण आहे, आणि ते इतकं चरचरीत आहे की शाकाहारी वाचकांनी तेवढा वेळ दुसरीकडे बघावं. मांस पिशवीत फार दिवस ठेवलं तर सडतं. कुणासाठी जपून ठेवलंय ते स्वतःलाच विचारा.

कंदील आणि तेलही हवं. बहुतेक खेळांतली रात्र म्हणजे निळा रंग मारलेला दिवस असतो. इथली रात्र म्हणजे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, त्यात जमिनीतून उठणारे सांगाडे, आणि नेमकं त्याच वेळी संपणारं तेल.

रस्त्याला लागताना

हा या पत्रकाचा मुख्य भाग आहे, कारण हाच या खेळाचा मुख्य भाग आहे.

इतर खेळांत नकाशा उघडायचा, ठिकाणावर टिचकी मारायची, पोचलो. इथे त्यासाठी फेरीस्टोन नावाचा दगड लागतो. दगड महाग, एकदा वापरला की संपला, आणि नेणार तेही जिथे पोर्टक्रिस्टल रोवलेला आहे तिथेच. असे स्फटिक जगात आधीपासून रोवलेले फार थोडे. बाकीचे मिळवायचे आणि आपल्या हाताने रोवायचे. पहिल्या भागाची 'डार्क अरायझन' ही २०१३ची वाढीव आवृत्ती होती, तिच्यात कधीच न संपणारा फेरीस्टोन दिला होता. दुसऱ्या भागात तो काढून घेतला. विसरून नव्हे, ठरवून. प्रवास कंटाळवाणा होतो तो तुमचा खेळच कंटाळवाणा असतो म्हणून, अशा अर्थाचं विधान इत्सुनोंनी खेळ बाजारात यायच्या आधीच एका मुलाखतीत केलं होतं. वाटेवर काही घडत असेल तर माणूस उडी मारून पुढे कशाला जाईल? असं म्हणायला छाती लागते. त्याची किंमत मोजायला तुमचे पाय लागतात.

पायांना पर्याय बैलगाडी. व्हर्नवर्थ या राजधानीतून ती सकाळी सुटते. चुकली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघा. गाडीत बसल्यावर डुलकी काढायची सोय आहे. डोळे मिटायचे आणि पुढच्या ठाण्यावर उघडायचे. बऱ्याचदा असंच होतं. कधी मात्र मध्येच दचकून जाग येते, कारण गाडीला गॉब्लिनांनी घेरलेलं असतं. उतरा, लढा, चढा, पुन्हा झोपा. कधी आकाशातून ग्रिफिन थेट गाडीवरच उतरतो. मग गाडीच्या फळ्या होतात, बैलाचं काय होतं ते बघवत नाही, आणि तुम्ही भर रानात, अर्ध्या वाटेवर, अर्ध्या आयुष्याच्या रेघेनिशी उभे. भाडं परत मिळत नाही.

अशा वेळी चिडून खेळ बंद करू नका. ग्रिफिनच्या पिसांना लटका. तो उडाला तरी सोडू नका. अंगातला दम टिकला तर तो तुम्हाला घेऊन आपल्या घरट्याकडे जातो, जे तुम्ही एरवी कधी बघितलं नसतं. किंवा दरीच्या काठावर एकडोळ्या सायक्लॉप्सच्या पायावर घाव घालत राहा. तोल गेला तर तो पलीकडच्या कड्यावर आडवा पडतो आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून चालत दरी ओलांडता. 'इथे राक्षसाचा पूल करा' असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. वजन, उतार, तोल यांचे नियम मांडून ठेवलेत, पुढचं आपोआप घडतं. दुसऱ्या दिवशी मित्राला सांगायला जो किस्सा तयार होतो तो तुमचाच असतो, त्याच्याकडे निराळा. या बाबतीत या खेळाच्या जवळपास येणारे फार थोडे आहेत, आणि हे मत आम्ही बैलगाडी मोडलेली असतानाही बदललं नाही.

तर रस्त्याने जाताना डाव्या हाताला

क्षमस्व, गॉब्लिन आले होते.

तर रस्त्याने जाताना डाव्या हाताला एखादी गुहा दिसली तर आत जा. नकाशावर खूण नसलेल्याच गुहेत काहीतरी मिळतं. नकाशावर खुणांची खैरात नाही हे वरदान आहे. डोळे वापरावे लागतात.

आता उणी बाजू. हाच रस्ता तिसऱ्यांदा चाला. तेच वळण, तेच

क्षमस्व. यावेळी सोरियन, म्हणजे दोन पायांवर चालणारे सरडे.

तेच वळण, तेच तीन गॉब्लिन, त्यांच्यामागे तेच लांडगे, वर त्याच हार्पी. इत्सुनोंचा सिद्धांत बरोबर, पण वाटेवर जे घडतं ते वेगवेगळं घडायला हवं, ही त्यातली अट पाळायला खेळाकडे पुरेशी जनावरं नाहीत. सुरुवातीला ज्यांच्याशी लढून तुम्ही घामाघूम झालात, तेच पुढे निरनिराळ्या रंगांत भेटत राहतात, आणि तोपर्यंत तुम्ही इतके तगडे झालेले असता की ते अडवत नाहीत, नुसता खोळंबा करतात. पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीत बिटरब्लॅक आयल नावाचं एक भुयारांचं बेट होतं, जिथे पट्टीच्या खेळाडूलाही घाम फुटायचा. त्याच्या तोडीचं इथे काही नाही. जग मोठं झालं, पण जगातली भीती त्या प्रमाणात वाढली नाही.

प्याद्यांशी वागताना

तुमच्याबरोबर तीन प्यादी, म्हणजे खेळच चालवतो असे साथीदार, चालतात. पहिलं तुम्ही स्वतः घडवायचं: नाक, डोळे, उंची, स्वभाव. उंचधिप्पाड केलंत तर ओझं जास्त वाहील, हे वर सांगितलेलं आठवून ठरवा. उरलेली दोन भाड्याची, म्हणजे जगात कुठेतरी दुसऱ्या कुण्या खेळाडूने घडवलेली. तुमचंही असंच दुसऱ्यांकडे नोकरीला जातं आणि तिकडे शिकलेलं घेऊन परत येतं. कुणी मागच्या मालकाने त्याच्या हातावर सडकं मांस ठेवून निरोप दिला असेल तर मनाला लावून घेऊ नका.

प्यादी बोलतात. फार बोलतात. एकदा काशी करून आलेल्या आत्याबाईंसारखं त्यांचं असतं: मागच्या मालकाबरोबर आले होते तेव्हा इथे एक पेटी होती, चला दाखवते. आणि खरोखर दाखवतात. पुढे होऊन वाट काढतात, वळणावर थांबून तुम्ही येताय का बघतात, लढाई जिंकली की टाळी द्यायला हात पुढे करतात. ही टाळी घ्या. फायदा काही नाही, पण घ्या. दुसऱ्या कुणाशी न बोलता, दुसऱ्या कुणाची वेळ न सांभाळता, अनोळखी माणसांच्या मेहनतीची सोबत मिळावी, ही कल्पना पहिल्या भागाची. इतक्या वर्षांत तिची नक्कल कुणाला धड जमलेली नाही.

भाड्याची प्यादी तुमच्याबरोबर वाढत नाहीत, म्हणून अधूनमधून बदलावी लागतात. लळा लागतो तिथेच पंचाईत होते.

पाण्याजवळ त्यांना सांभाळा. या जगात पोहणं नाही. पाणी खोल झालं की ब्राइन नावाचं काहीतरी लाल, वळवळणारं येतं आणि ओढून नेतं. तुम्ही काठावर फेकले जाता, प्यादी जातात ती जातात.

आता महत्त्वाचं. प्याद्यांना एक रोग होतो, ड्रॅगन्सप्लेग. लक्षणं: डोकं धरणं, सांगितलेलं न ऐकणं, उलट उत्तरं देणं, डोळ्यांत लाल चमक. यातली पहिली तीन लक्षणं कुठल्याही निरोगी घरात आढळतात, म्हणून डोळे तपासा. रोगी प्याद्याला घेऊन गावातल्या खाणावळीत झोपलात तर सकाळी गाव उरलेलं नसतं. दुकानदार, पहारेकरी, ज्याने तुम्हाला काम दिलं तो, ज्याच्यासाठी काम केलं तो, सगळे शवागारात. खेळ आधी एक सूचना देतो, पण ती आपण जशा सगळ्या सूचना वाचतो तशीच वाचली जाते. उपाय दोन. भाड्याचं प्यादं असेल तर निरोप द्या. स्वतःचं असेल तर उचलून पाण्यात टाका. ब्राइन काय करतं ते वर आलंच आहे, आणि तुमचं स्वतःचं प्यादं नंतर परत बोलावता येतं, निरोगी. पुढे कॅपकॉमने पॅच काढून रोगाचं प्रमाण कमी केलं. काही जुने खेळाडू त्यावरही नाराज झाले. माणसाला काय हवं असतं ते सांगणं कठीण.

या सगळ्याला धार येते ती एका गोष्टीने: सेव्ह एकच. वेगवेगळ्या कप्प्यांत पाच-सहा सेव्ह ठेवून नशिबाशी घासाघीस करायची सोय नाही. फार तर खाणावळीत शेवटचे झोपलात तिथे परत जाता येतं, म्हणजे ज्या झोपेने गाव मेलं त्याच झोपेकडे. आमच्या मते हा नियम कठोर आहे आणि योग्य आहे. मेलव्ह गावच्या एका पोराला लांडगे ओढून नेतात. 'बघू उद्या' म्हणालात तर ते पोर मरतं आणि खेळ तुमची समजूत घालत बसत नाही. परिणाम हा शब्द हल्ली प्रत्येक गेमच्या जाहिरातीत असतो. इथे तो गेममध्ये आहे.

शहरात शिरताना

वेग कमी करा. तुम्ही केला नाहीत तर यंत्र करील. व्हर्नवर्थच्या बाजारात प्रत्येक माणसाचा हिशोब प्रोसेसर स्वतंत्रपणे करत असतो: कोण कुठे चाललंय, कोण काय बघतंय. त्यामुळे रानात गुळगुळीत चालणारा खेळ शहराच्या वेशीत अडखळू लागतो. ग्राफिक्स कार्ड कितीही महागाचं घेतलंत तरी फरक थोडाच, कारण दुखणं त्याचं नाही. खेळ आला त्या दिवसांत काही खेळाडूंनी यावर शोधलेला उपाय म्हणजे नागरिकांना ठार मारणं. माणसं कमी, हिशोब कमी, चित्र सुरळीत. नगरनियोजनाचा हा मार्ग आम्ही सुचवत नाही. नंतरच्या पॅचांनी परिस्थिती बरीच सुधारली, पण ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांना अर्धवट भाजलेली भाकरी मिळाली, हे खरंच.

पहिल्याच दिवशी दुसराही एक घोळ झाला. खेळ विकत घेतल्यावर खेळाच्या बाहेर, खऱ्या पैशांत, किरकोळ वस्तूंचं दुकान उघडलेलं दिसलं: चेहरा बदलण्याचं पुस्तक, मेलेल्यांना उठवणारा वेकस्टोन, एक पोर्टक्रिस्टल. यातलं सगळं खेळातही मिळतं आणि पैसे न खर्चता खेळ आरामात पूर्ण होतो. पण ज्याने चालणं हाच आनंद अशी प्रतिज्ञा केली, त्यानेच चालणं टाळायची वस्तू दाराशी विकायला ठेवावी, हा विनोद कुणाला आवडला नाही. स्टीमवर पहिल्या दिवशी नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पडला. त्यात नवा डाव सुरू करण्याची सरळ सोयही तेव्हा दिलेली नव्हती. ती पुढे पॅचने आली. कॅपकॉमने दिलगिरी व्यक्त केली. नवशिक्याने काय करावं? दुकानाकडे पाठ करून चालू लागावं.

शूरवीराचा व्यवसाय, म्हणजे लढण्याची तऱ्हा, कोणता घ्यावा याचा फार विचार नको, कधीही बदलता येतो. चोर घेतलात तर खेळ सोपा होतो. सोर्सरर घेतलात तर आकाशातून उल्का पाडता येतात. मंत्र पूर्ण होईपर्यंत शत्रू बहुधा मित्रांनीच मारलेला असतो. ट्रिकस्टर स्वतः जवळजवळ मारतच नाही, धुराने भ्रम निर्माण करून शत्रूंना एकमेकांत भिडवतो किंवा कड्यावरून चालायला लावतो. कामचुकारांना शिफारस. एक रड मात्र आहे: एका वेळी शस्त्रकौशल्यं चारच बाळगता येतात. पहिल्या भागात बहुतेकांना सहा मिळायची. हात कशाला आखडता घेतला हे कोडंच आहे.

कथा ऐकताना

कान थोडे सैल ठेवा. राजधानीत राणी दिसा आपल्या मुलाच्या गादीची तजवीज करतेय, गादीवर एक तोतया बसवलाय, खरे हक्कदार तुम्ही, आणि कॅप्टन ब्रँट रात्रीच्या अंधारात पानगृहात बसून तुम्हाला एकेक कामगिरी देतो. दिवसा गेलात तर साहेब जागेवर नाहीत. इथवर बरं चाललेलं असतं. मग तुम्ही सीमा ओलांडून बाटाल या सिंहमुखी लोकांच्या देशात जाता, आणि राजधानीतलं कारस्थान तसंच लोंबकळत राहतं. बाटालच्या वाट्याला कथा निम्मीसुद्धा येत नाही. कुणीतरी लेखकांच्या हातून कागद काढून घेतल्यासारखी ती शेवटाकडे पळते. पात्रं आठवणीत राहत नाहीत. आपण पोचल्यावर ड्रॅगन जिला किंवा ज्याला ओलीस धरतो ते आपलं सर्वांत लाडकं माणूस असतं, आणि अनेकदा ते कोण आहे हे बघून खेळाडूलाच आश्चर्य वाटतं. दुकानदाराला चार वेळा भेटवस्तू दिली होती, एवढंच.

मुख्य कथेपेक्षा आडवाटेची कामं सरस. डोंगरातल्या देवळात स्फिंक्स बसलीय, तिच्याकडे जा. ती कोडी घालते आणि ही कोडी हुशारीची नसून लक्ष देण्याची आहेत. 'तुझं प्रेम आहे त्या व्यक्तीला घेऊन ये' हे एक. मग तुम्ही कुणालातरी खांद्यावर टाकून डोंगर चढता, कारण सांगून येणारं कुणी नसतं. दुसरं जास्त दुष्ट आहे. या जगात सीकर्स टोकन नावाची नाणी २४० ठिकाणी लपवलेली आहेत. सात दिवसांत, पहिलं नाणं जिथे सापडलं तिथे परत जा, असं स्फिंक्स म्हणते. ते नाणं तुम्ही केव्हा तरी सुरुवातीला, कुठल्याशा खडकामागून, न बघता उचललेलं असतं. या एका कोड्यासाठी खेळाला सगळं माफ करावंसं वाटतं, फक्त ते सुटेपर्यंत नाही.

इब्राहिमच्या भंगाराच्या दुकानाचीही ओळख करून ठेवा. तो वस्तूंच्या नकला बनवून देतो. अस्सल स्वतःकडे, नक्कल मागणाऱ्याला. काही जण फसतात, काहींच्या लक्षात येतं. कुणाला काय द्यावं हे आम्ही लिहून देणार नाही.

खेळ संपला असं वाटल्यावर

ड्रॅगन मेला, राज्याभिषेक झाला, श्रेयनामावली सरकली. कंट्रोलर ठेवू नका. सुरुवातीच्या पडद्यावर शीर्षक नुसतं 'ड्रॅगन्स डॉग्मा' असं आहे, २चा आकडा तिथे नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. तो आकडा मिळवायचा असतो. शेवटच्या उड्डाणात, ड्रॅगनच्या पाठीवर असताना, तुमच्याकडे असलेलं एक शस्त्र भलत्याच ठिकाणी वापरावं लागतं. कुठे ते सांगितलं तर तुमची मजा जाईल. जमलं तर आकडा उमटतो आणि निराळंच जग समोर येतं. समुद्र आटलेला, आकाश लाल. ज्या पाण्याला आजवर घाबरलात त्याच्या तळावरून आता चालायचं. परतीची वाट नाही, म्हणून अपुरी कामं आधी उरकून घ्या. गावंच्या गावं रिकामी करून माणसं हलवायची असतात आणि दिवस मोजके असतात, तेव्हा साठवलेले फेरीस्टोन इथे उधळा. इतका वेळ रमतगमत चालायला शिकवून खेळ तुम्हाला घाई करायला लावतो, आणि नेमकं ते थांबून बघण्यासारख्या जागी.